सेंट ऑगस्टीन चर्च, जुने गोवे : उत्खनन व राणी केतेवानचे अवशेष

गोवा राज्यातील जुने गोवे येथील ऑगस्टीनियन धर्मसंघाचे भग्न चर्च व त्याला जोडलेला मठ. मूळ पोर्तुगीज नाव ‘नोसा सेन्योरा द ग्रासा’, म्हणजे कृपामातेचे चर्च. पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. वर, मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील ‘मोंती सांतो’ किंवा पवित्र टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर त्याचे अवशेष पसरलेले आहेत. जुने गोवे येथील ज्या चर्चवास्तूंचा व मठांचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत याची गणना होते. कॉकेशस पर्वतप्रदेशातील जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिच्या अस्थी या मठात ठेवल्याची नोंद सतराव्या शतकातील कागदपत्रांत आढळते. या अस्थींच्या शोधामुळे येथील उत्खननाला आंतरराष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. लिखित नोंद, वास्तूचा विन्यास, प्रत्यक्ष उत्खनन आणि आनुवंशिक परीक्षण या चार प्रकारच्या पुराव्यांची सांगड घालून एका ऐतिहासिक प्रश्नाचे उत्तर कोठपर्यंत देता येते, याचे हे भारतातील एक उत्तम उदाहरण मानावे लागेल.

स्थापना व इतिहास : अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकून घेतले. त्यानंतर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची ही राजधानी बनली आणि फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट इ. धर्मसंघांनी येथे आपापले मठ उभारले. ऑगस्टीनियन संघाचे पहिले बारा धर्मोपदेशक १५७२ मध्ये गोव्यात आले. आज ज्या चर्चचे अवशेष दिसतात, त्याचे बांधकाम १५९७ च्या सुमारास सुरू होऊन १६०२ मध्ये पूर्ण झाले. या काळात गोव्याचे आर्चबिशपपद आलेश्यो द मेनेझिश यांच्याकडे होते व ते स्वतः ऑगस्टीनियन होते. याच टेकडीवर सांता मोनिका हा जोगिणींचा मठ त्यांच्याच प्रेरणेने स्थापन झाला. इराणचा सफावी सम्राट शाह अब्बास (पहिला) याच्या दरबारी त्यांनी १६०२ मध्ये आपल्या संघाचे प्रतिनिधी पाठविले व इस्फाहान येथे ऑगस्टीनियनांचा मठ स्थापन झाला. गोव्यातील या चर्चचा इराणशी व इराणमार्गे जॉर्जियाशी जो संबंध आला, त्याचे मूळ या मोहिमेत आहे.

कोकणचा किनारा आणि इराण यांचा धार्मिक व्यवहार मात्र याहून फार जुना होता. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टीझ याने ‘कलियाना’ येथे इराणातून नेमला जाणारा बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे स्थळ म्हणजे उल्हासनगर-अंबरनाथ या शहरांलगतचे ठाणे जिल्ह्यातील कल्याण बंदर होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ऑगस्टीनियन धर्मोपदेशक ज्या समुद्रापलीकडे गेले, त्याच्या दोन्ही तीरांवरील ख्रिस्ती समाजांचे दळणवळण अशा प्रकारे हजार वर्षांपूर्वीपासून चालत आलेले होते.

वास्तू : चर्च व मठ यांचे बांधकाम मुख्यतः कोकणात विपुल सापडणाऱ्या जांभ्या दगडाचे असून त्यावर चुन्याचा गिलावा होता. जांभा सच्छिद्र असल्यामुळे गिलाव्याची डागडुजी न झाल्यास पावसाचे पाणी भिंतीत मुरते व बांधकाम आतून खिळखिळे होते. या वास्तूच्या पुढील इतिहासात ही गोष्ट निर्णायक ठरली. चर्चचे छत अर्धवर्तुळाकार कमानीचे व अतिशय भव्य होते. आत चार वेद्या व आठ चॅपेल म्हणजे लहान प्रार्थनालये होती. भिंतींचा काही भाग ‘अझुलेझू’ या नावाच्या रंगीत, चकचकीत पोर्तुगीज फरश्यांनी मढविला होता. जमिनीत धर्मगुरू, सरदार व त्यांचे कुटुंबीय यांची दफने असून त्यांवरील शिलांवर पोर्तुगीज भाषेतील लेख व कुलचिन्हे कोरलेली आहेत. आज उभा असलेला, अर्धवट ढासळलेला मनोरा सु. ४६ मी. उंच असून तो दूरवरून दृष्टीस पडतो. चर्चला लागून भिक्षूंच्या खोल्या, अंगणाभोवतीच्या पडव्या, भोजनगृह आणि मठाच्या कारभारासाठी भिक्षू जेथे एकत्र जमत ते सभागृह असा मठाचा विस्तार होता. या सभागृहाचे चॅपेल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

ऱ्हास : साथीच्या रोगांमुळे जुने गोवे शहर सतराव्या शतकापासूनच ओस पडू लागले. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीस हलविले. तरीही ऑगस्टीनियन मठ नांदता राहिला. १८२७ मध्ये गोव्यास आलेला फ्रेंच धर्मगुरू कोतिनो द क्लोगें याने येथील चर्चवास्तूंचे जे वर्णन लिहून ठेवले, ते त्या शाबूत असतानाचे आहे. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील उदारमतवादी शासनाने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. त्याची अंमलबजावणी गोव्यात १८३५ मध्ये होऊन भिक्षूंना मठ सोडावा लागला व मालमत्ता सरकारजमा झाली. देखभालीअभावी सातच वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले. चर्चची मोठी घंटा तत्पूर्वी उतरविण्यात आली होती. ती १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चमध्ये आहे. झुझे निकोलाव द फोन्सेका यांनी १८७८ मध्ये गोवा शहराविषयीचा आपला ऐतिहासिक व पुरातत्त्वीय ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा शहराचा बराचसा भाग भग्नावस्थेत होता. १९३१ मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला आणि १९३८ मध्ये आणखी काही भाग ढासळला. अशा रीतीने शंभर वर्षांत एक नांदती वास्तू जांभ्याच्या ढिगाऱ्यात रूपांतरित झाली. तिच्यातील वस्तू, लेख व अस्थी यांची जागच्या जागी नोंद ठेवणारे कोणीही उरले नव्हते.

राणी केतेवान : जॉर्जियाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सोळाव्या-सतराव्या शतकांत हा देश लहान लहान राज्यांत विभागलेला असून पश्चिमेकडून ऑटोमन तुर्क व पूर्वेकडून सफावी इराण यांच्या कात्रीत सापडला होता. केतेवान ही मुखरानी येथील राजघराण्यातील असून पूर्व जॉर्जियातील काखेतीचा राजा दाविद याची पत्नी होती. दाविद १६०२ मध्ये मरण पावला. १६०५ मध्ये त्याचा भाऊ कॉन्स्टंटाइन याने इराणच्या पाठिंब्याने आपल्या पित्याचा वध करून गादी बळकावली, तेव्हा केतेवानने सरदारांना संघटित करून त्याचा पराभव घडवून आणला. त्यानंतर तिचा मुलगा तैमूराझ गादीवर आला. १६१४ च्या सुमारास शाह अब्बासने काखेतीवर स्वारीची तयारी केली असता ती तडजोडीसाठी त्याच्याकडे गेली व ओलीस म्हणून अडकून पडली. शिराझ येथे सु. दहा वर्षे बंदिवासात काढल्यानंतर, इस्लामचा स्वीकार करण्यास नकार दिल्यामुळे, सप्टेंबर १६२४ मध्ये हालहाल करून तिला ठार मारण्यात आले. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चने तिला हुतात्मा संत म्हणून गौरविले. तैमूराझ स्वतः कवी होता व मातेच्या बलिदानावर त्याने काव्य रचले. या घटनेचे पडसाद यूरोपातही उमटले. जर्मन नाटककार आंद्रेआस ग्रीफिउस याने तिच्यावर शोकांतिका लिहिली आणि लिस्बन येथील ऑगस्टीनियन मठात तिच्या मृत्यूचे दृश्य रंगीत फरश्यांवर चितारण्यात आले.

अवशेषांचा प्रवास : केतेवानच्या मृत्यूच्या सुमारास शिराझमध्ये ऑगस्टीनियन धर्मोपदेशकांचे एक लहान ठाणे होते. आम्ब्रोझिउ दुश आंजुश व पेद्रु दुश सांतुश हे तेथील दोन प्रमुख भिक्षू. त्यांनी गुप्तपणे राणीचे दफन उकरून अस्थी ताब्यात घेतल्या. त्यांपैकी उजव्या हाताचा भाग १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आणण्यात आला. दुसरा भाग आम्ब्रोझिउ दुश आंजुश याने १६२८ मध्ये जॉर्जियात नेऊन तैमूराझच्या स्वाधीन केला व तो काखेतीतील अलावेर्दी या अकराव्या शतकातील कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आला. अठराव्या शतकातील आक्रमणांच्या धामधुमीत तो हलविला जात असता नदीत वाहून गेला, अशी जॉर्जियात परंपरा आहे. त्यामुळे गोव्यातील भागाला त्या देशाच्या दृष्टीने अनन्यसाधारण महत्त्व आले.

कॅथलिक भिक्षूंनी एका ऑर्थोडॉक्स राणीच्या अस्थी जपाव्यात, यामागे श्रद्धेबरोबर धोरणही होते. जॉर्जियात प्रवेश मिळविण्यासाठी राजमातेच्या अस्थींएवढे प्रभावी साधन ऑगस्टीनियनांजवळ दुसरे नव्हते. तेव्हा या अस्थींचा राजनैतिक उपयोग विसाव्या-एकविसाव्या शतकांत सुरू झाला असे नव्हे. तो प्रारंभापासूनच होता.

कागदपत्रांतील नोंद : ऑगस्टीनियन संघाच्या पोर्तुगीज कागदपत्रांचा व केतेवानच्या हौतात्म्याच्या वृत्तांतांचा अभ्यास रॉबेर्तो गुलबेंकियान या संशोधकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केला. या साधनांनुसार गोव्यातील अस्थी सभागृहाच्या चॅपेलमध्ये ‘एपिसल’च्या बाजूस, दुसऱ्या खिडकीशी, दगडी पेटीत ठेवलेल्या होत्या. ही नोंद वरकरणी सुस्पष्ट वाटते. परंतु तिचा अर्थ लावण्यासाठी कॅथलिक उपासनाविधीची माहिती आवश्यक आहे. पूर्वीच्या प्रथेनुसार प्रार्थनेच्या वेळी बायबलमधील धर्मपत्रांचे वाचन वेदीच्या एका बाजूस व शुभवर्तमानाचे वाचन दुसऱ्या बाजूस होत असे. वेदीकडे तोंड करून उभे राहिले असता उजवीकडील बाजू ती धर्मपत्राची म्हणजे एपिसलची बाजू होय. अर्थात वेदी कोणत्या दिशेस होती हे ठरल्याखेरीज उजवी बाजू ठरत नाही आणि चॅपेल कोणते हे ओळखल्याखेरीज वेदी सापडत नाही. जेथे भिंती जोत्यापर्यंत ढासळल्या आहेत, तेथे खिडक्या मोजणे हेही सोपे काम नव्हे.

उत्खनन : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने या परिसरातील ढिगारा हलविण्याचे व अवशेष उघडे करण्याचे काम टप्प्याटप्प्याने केले. १९८९ पासून जॉर्जियाची अनेक शिष्टमंडळे राणीच्या अस्थींच्या शोधार्थ गोव्यास आली व त्यांनी खात्याच्या सहकार्याने पाहणी केली. जॉर्जिया त्यावेळी सोव्हिएट संघराज्याचा घटक होता. १९९१ मध्ये तो स्वतंत्र झाल्यावरही हे प्रयत्न चालू राहिले.

अशा स्थळाचे उत्खनन प्रागैतिहासिक वा प्राचीन वसाहतीच्या उत्खननाहून काहीसे वेगळे असते. प्राचीन टेकाडात मातीचे थर हेच कालक्रमाचे मुख्य साधन असते. येथे बांधकाम व पडझड यांची वर्षे कागदोपत्री ज्ञात आहेत. ढिगाऱ्यातील दगड व वस्तू मूळ कोणत्या भिंतीच्या, छताच्या किंवा वेदीच्या, हे ठरविणे हा येथील मुख्य प्रश्न होय. पडलेला दगड नोंद न करता उचलला, तर त्याबरोबर पुरावाही जातो. ढिगारा हलविल्यानंतर चर्चची जमीन, मुख्य वेदीचा चौथरा, चॅपेलांची मांडणी, थडग्यांच्या कोरीव शिला, रंगीत फरश्यांचे तुकडे आणि मठाच्या अनेक दालनांचा विन्यास स्पष्ट झाला.

राणीच्या अस्थींच्या शोधात निर्णायक टप्पा मे २००४ मध्ये आला. वास्तुइतिहासाचे अभ्यासक सिध लोसा मेंदिरत्ता यांनी केलेला मठाच्या विन्यासाचा अभ्यास आणि पुरातत्त्व खात्याच्या गोवा मंडळाचे अधिकारी निझामुद्दीन ताहेर यांच्या मार्गदर्शनाखालील काम यांतून सभागृहाचे चॅपेल व नोंदीत उल्लेखिलेली खिडकी यांची निश्चिती झाली. दगडी पेटी मूळ जागी नव्हती. तथापि खिडकीच्या जवळ अस्थींचे तुकडे मिळाले. त्यांत हाताच्या लांब हाडाचा समावेश होता. स्थान नोंदीशी जुळत होते. परंतु ज्या चर्चच्या जमिनीत दोन शतकांहून अधिक काळ दफने होत होती, तेथे हाड सापडणे यात नवल नव्हते. पेटीच हरवलेली असल्यामुळे ते राणीचेच आहे, असे केवळ स्थानावरून म्हणता येत नव्हते.

कॉकेशसमधील समांतर उदाहरण : कागद आणि ढिगारा यांच्यातील अंतर तिसऱ्याच पुराव्याने भरून निघते, हा अनुभव कॉकेशसमधील चर्च-उत्खननांतही आलेला आहे. आर्मेनियातील झ्वार्तनोत्स हे सातव्या शतकाच्या मध्यास तिसरा नेर्सेस या धर्मप्रमुखाने उभारलेले वर्तुळाकार चर्च दहाव्या शतकात कोसळून मातीखाली गेले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे उत्खनन झाले आणि तोरोस तोरामानियान या वास्तुविशारदाने अवशेषांवरून तीन टप्प्यांत उंचावत जाणाऱ्या वास्तूची कल्पना मांडली. तिच्यावर बराच आक्षेप घेण्यात आला. आनी या मध्ययुगीन राजधानीत राजा गागिक याने झ्वार्तनोत्सच्या धर्तीवर एक चर्च बांधल्याचे जुन्या आर्मेनियन इतिहासकाराने लिहिले होते. निकोलाय मार यांच्या उत्खननात १९०६ मध्ये तेथे त्या राजाचा पुतळा मिळाला व त्याच्या हाती त्या चर्चची प्रतिकृती होती. तिने तोरामानियान यांच्या कल्पनेस बळकटी दिली. गोव्यात असा तिसरा पुरावा प्रयोगशाळेतून आला.

आनुवंशिक परीक्षण : हैदराबाद येथील ‘पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र’ या संस्थेत कुमारसामी थंगराज, नीरज राय व त्यांचे सहकारी यांनी उत्खननातून मिळालेल्या तीन अस्थींची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘माइटोकॉन्ड्रियन’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पेशीतील तंतुकणिकांमध्ये असणारे डीएनए केवळ आईकडून अपत्याकडे येते. त्यामुळे त्यातील विशिष्ट बदलांवरून व्यक्तीची मातृवंशपरंपरा ओळखता येते. उष्ण व दमट हवामानात हे द्रव्य झपाट्याने नष्ट होते. शिवाय हाड हाताळणाऱ्या आधुनिक व्यक्तींच्या डीएनएची त्यात भेसळ होण्याचा धोका असतो. म्हणून कोकणातील पावसाळे झेललेल्या हाडातून ते मिळविणे हेच मुळात कठीण काम होते.

खिडकीजवळ मिळालेली अस्थी स्त्रीची असून तिच्यात ‘यू१बी’ हा मातृवंश आढळला. भारतीय उपखंडातील २२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या उपलब्ध माहितीत हा वंश कोणामध्येही मिळाला नाही. उलट, जॉर्जियातील ३० व्यक्तींच्या नमुन्यांपैकी दोघांत तो आढळला. अन्य दोन अस्थी भारतीय वंशाच्या असल्याचे दिसून आले.

निष्कर्षाची मर्यादा : या परीक्षणाने काय सिद्ध झाले व काय झाले नाही, याचा विवेक करणे आवश्यक आहे. अस्थी एका स्त्रीची आहे, तिचा मातृवंश भारतात जवळजवळ अज्ञात व जॉर्जियात विद्यमान आहे आणि ती कागदपत्रांत सांगितलेल्या जागी मिळाली, एवढे निश्चित म्हणता येते. केतेवानच्या मातृवंशातील ज्ञात व्यक्तीच्या डीएनएशी तिची तुलना झालेली नाही. यू१बी हा वंश केवळ जॉर्जियापुरता मर्यादितही नाही. सतराव्या शतकातील गोवा हे बहुराष्ट्रीय बंदर होते. तेथे आर्मेनियन व्यापारी, इराणी प्रवासी, यूरोपीय कुटुंबे आणि अनेक देशांतून आणलेले गुलाम यांची वस्ती होती. यामुळेच संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ही अस्थी ‘बहुधा’ केतेवानची असल्याचे म्हटले आहे. प्रत्येक पुरावा सुटा घेतला, तर तो दुर्बळ आहे. पुरुष भिक्षूंच्या मठातील सभागृहात, नेमक्या त्या खिडकीशी, कॉकेशसमध्ये आढळणाऱ्या मातृवंशाच्या स्त्रीच्या हाताचे हाड मिळावे, हा योगायोग मात्र सहजासहजी मान्य करता येण्यासारखा नाही. पुराव्यांचे बळ त्यांच्या एकत्र येण्यात आहे.

जॉर्जियाकडे हस्तांतर : पुराणवस्तू म्हणून या अस्थी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात होत्या. जॉर्जियाच्या विनंतीवरून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सहा महिन्यांसाठी त्या देशात नेण्यात आल्या. ही मुदत पुढे वाढविण्यात आली व वर्षभरानंतर त्या परत आल्या. या काळात जॉर्जियातील चर्चवास्तूंत भाविकांनी त्यांचे दर्शन घेतले. पुढे भारत सरकारने अस्थींचा एक भाग कायमचा भेट देण्याचा निर्णय घेतला आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रव्यवहार मंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे तो जॉर्जियाच्या स्वाधीन केला. स्वतंत्र भारताच्या इतिहासात उत्खननातून मिळालेले मानवी अवशेष दुसऱ्या राष्ट्राला सन्मानपूर्वक अर्पण करण्याच्या ज्या घटना घडल्या, त्यांत हिचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे.

या हस्तांतरामुळे एक तात्त्विक प्रश्नही पुढे येतो. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने अस्थी हा पुरावा आहे. नवे तंत्र उपलब्ध झाल्यास त्याची फेरतपासणी करता आली पाहिजे. भाविकाच्या दृष्टीने तो पुण्यावशेष आहे आणि त्याची चिकित्सा संपलेली आहे. एक भाग भारतात ठेवून एक भाग अर्पण करण्याच्या निर्णयाने या दोन्ही भूमिकांना काही प्रमाणात न्याय मिळाला.

महत्त्व : या चर्चच्या उत्खननाचे फलित एका राणीच्या अस्थीपुरते मर्यादित नाही. गोव्यातील ऑगस्टीनियन वास्तुरचनेचा विन्यास, दफनपद्धती, थडग्यांवरील लेखांतून मिळणारी कुलवृत्ते आणि पोर्तुगालहून आलेल्या फरश्या व स्थानिक जांभा यांच्या मेळातून साकारलेली बांधकामशैली यांविषयी प्रत्यक्ष साधने त्यामुळे उपलब्ध झाली. त्याचबरोबर एक धडाही मिळाला. १८३५ मध्ये मठ रिकामा करताना त्यातील वस्तूंची साधी यादी जागांसह केली असती, छताची डागडुजी चालू राहिली असती, तर पंधरा वर्षांचा शोध, उत्खनन आणि प्रयोगशाळा यांची गरज भासली नसती व निष्कर्षातील ‘बहुधा’ हा शब्दही कदाचित टळला असता. कोकणातील जांभ्याच्या असंख्य वास्तू, मग ती चर्च असोत, देवळे असोत वा गढ्या, आजही अशाच पावसाला तोंड देत उभ्या आहेत. वास्तू उभी असताना तिची नोंद करणे हे तिच्या ढिगाऱ्याचे उत्खनन करण्यापेक्षा सोपे व कमी खर्चाचे असते, ही गोष्ट पवित्र टेकडीवरील भग्न मनोरा स्पष्टपणे दाखवून देतो.